बदकाची फळी

परोपकार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी उदाहरणे उभी राहतात. शरण आलेल्या कपोताचे रक्षण करण्यासाठी स्वतःच्या अंगाचे मांस तराजूत घालणारा शिबी राजा महाभारताने आपणांस दाखविला. शिकाऱ्यांपुढून जीव घेऊन धावत आलेल्या सशाला आश्रय देणाऱ्या श्रीचक्रधरांची हकीकत लीळाचरित्रात आली आहे. अशा कथा ऐकून मन भरून येते. परंतु असे प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला कधीच येत नाहीत. आपल्या वाट्याला येतात ती रोजची बारीकसारीक कामे, आणि ती करताना आपण नीतीचा विचार करीत आहो हेही आपल्या ध्यानात नसते. वाचकांस कदाचित हसू येईल. पण मदत करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आम्हांस प्रथम एका बदकाने विचारावयास लावला. त्याचीच हकीकत येथे सांगावी व तिच्यावरून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा हेतू आहे.

आमच्या घरामागे, कुळागराच्या कडेला, एक जुने खुराडे होते. ते कोंबड्यांसाठी बांधलेले. गोव्याच्या पावसाळ्यात परसात पाणी साचते, आणि रात्री मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांचा वावर असतो. म्हणून ते चार चिऱ्यांच्या खांबांवर जमिनीपासून सुमारे २ फूट उंच उभारलेले होते. दारापासून खाली ३ फुटांची एक गुळगुळीत फळी टेकवलेली असे. कोंबड्या दोन उड्यांत आत जात. पुढे कोंबड्या राहिल्या नाहीत, आणि पाटाचे पाणी जवळ असल्यामुळे आम्ही ५ बदके आणली. खुराडे तेच राहिले आणि फळीही तीच राहिली. पाखरू ते पाखरू, कोंबडीला जमते ते बदकाला जमेल, असे आम्ही धरून चाललो. सगळ्या चुकांचे मूळ येथे होते; पण ते कळावयास आम्हांस बराच वेळ लागला.

पहिल्या संध्याकाळपासून ३ बदके धडपडत का होईना, फळी चढून आत जाऊ लागली. उरलेली २ मात्र फळीच्या पायथ्याशी येऊन थांबत. एक तपकिरी होते, दुसरे पांढरे. मान वाकडी करून ती एका डोळ्याने फळीकडे पाहत, एक पाऊल ठेवीत, आणि मागे फिरत. आम्ही काय केले? जे बहुतेक सर्वजण करतील तेच केले. त्यांना पकडले, उचलले आणि दारातून आत ठेवले. काम झाले, आणि आपण मुक्या जीवाची काळजी घेतली असे समाधानही वाटले.

आठदहा दिवसांत एक फरक दिसू लागला. सकाळी आमच्या पायांशी घोटाळणारी ती २ बदके ऊन कलले की आमच्यापासून दूर पळू लागली. दाणे टाकले तरी जवळ येईनात. ज्या वेळेला त्यांनी घराकडे वळावे तीच वेळ आम्ही त्यांच्यासाठी भीतीची करून ठेवली होती. आमचे हात त्यांना रक्षणासाठी पुढे होत होते हे आम्हांस ठाऊक. त्यांना एवढेच ठाऊक की रोज सांजवेळी कोणीतरी मोठा प्राणी मागे लागतो आणि झडप घालतो. कोल्हाही तेच करतो. आमच्या मनातील हेतू बदकाला दिसण्याचे काही साधन नव्हते.

मग आमचे मन दुसऱ्या टोकाला गेले. रोजच्या पाठलागाने आम्ही कंटाळलो होतो, आणि कंटाळ्याला माणूस लवकरच तत्त्वाचे नाव देतो. "फार लाड झाले, गरज पडली की आपोआप शिकतील," असे आम्ही घरात सांगितले. त्या संध्याकाळी दोघांना बाहेरच ठेवले. पहिली रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाटाच्या कडेला तपकिरी पिसे विखुरलेली दिसली. पांढरे बदक अळवाच्या पानांखाली अंग चोरून बसले होते.

त्या सकाळी आमची ७ वर्षांची नात खुराड्यापाशी उभी होती. तिने रडता रडता विचारले, "आजोबा, ते वर येत नव्हते, की त्याला येताच येत नव्हते?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. दोन आठवडे रोज त्या बदकांना हाताळून आम्ही हा एक प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. न येणे आणि येता न येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात दोष असला तर बदकाचा. दुसऱ्यात तो आमचा. आणि ज्याच्या हातात दुसऱ्याची सोय-गैरसोय असते, त्याला पहिलेच उत्तर नेहमी खरे वाटते, कारण ते त्याच्या सोयीचे असते.

त्या दिवशी आम्ही प्रथमच बदकाचे पाय नीट पाहिले. कोंबडीची बोटे सुटी असतात; ती काठी घट्ट धरू शकते, म्हणून ती दांडीवर बसून झोपते. बदकाची पुढची तीन बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात आणि मागचे बोट लहान व वर उचललेले असते. ते पाऊल वल्ह्यासारखे आहे. पाणी मागे लोटण्यास उत्तम, फळी धरण्यास निरुपयोगी. त्याचे पायही शरीराच्या मागच्या बाजूला असतात, म्हणून ते पोहते छान आणि चालते डुलत डुलत. अंगाचा भार पुढे, पाय मागे, आणि तळवा पाटाच्या पाण्याने ओला. अशा स्थितीत गुळगुळीत फळी चढणे म्हणजे आपण शेवाळलेल्या घाटाची पायरी अनवाणी चढण्यासारखे आहे. शिवाय बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला सभोवारचे जवळजवळ सर्व दिसते, पण दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा समोरचा पट्टा अगदी अरुंद असतो. मान वाकडी करून ते पाहत होते तो हट्ट नव्हता. ती बिचाऱ्याची पाहण्याची रीत होती. वर दाराच्या आत काळोख. ज्याला पडू की काय हे कळत नाही आणि पुढे काय आहे हेही दिसत नाही, तो थांबला तर त्याला मूर्ख म्हणावे की शहाणा?

मग आम्ही फळीकडे पाहिले. २ फूट उंचीला ३ फुटांची फळी म्हणजे ४० अंशांहून अधिक चढ. आम्ही ती काढून ६ फूट लांबीची व सव्वा फूट रुंदीची फळी आणली. तेव्हा चढ २० अंशांच्या आत आला. तिच्यावर चार-चार बोटांच्या अंतराने आडव्या रिपा ठोकल्या आणि रिपांमध्ये काथ्याचा सुंभ गुंडाळला, म्हणजे ओला तळवा घसरू नये. फळी डुगडुगू नये म्हणून तिला मध्ये चिऱ्याचा आधार दिला. कारण पायाखालचे हलले की कोणत्याही प्राण्याचा विश्वास उडतो, आणि तो पुन्हा बसावयास फार दिवस लागतात.

एवढ्याने काम संपले नाही. पांढऱ्या बदकाच्या मनात जुनी फळी अजून होतीच. शेजारच्या वृद्ध आजींनी आयुष्यभर बदके पाळली होती. त्या म्हणाल्या, "अहो, आधी फळी जमिनीवर निजवा. तिच्यावर त्याला जेवू द्या. घाई तुम्हांला आहे, त्याला नाही." आम्ही तसेच केले. चार दिवस फळी जमिनीवर सपाट पडून होती. तिच्यावर भिजवलेला भात आणि कोंडा, बाजूला पाण्याचे पसरट भांडे, कारण बदकाला घासागणिक पाणी लागते. मग एका टोकाखाली एक वीट ठेवली. दोन दिवसांनी दुसरी. रोज त्याच वेळी, त्याच हाकेने, थोडे दाणे रिपांवर पसरून, आम्ही मागे दूर उभे राहत असू. फार झाले तर दोन्ही हात पसरून सावकाश एक पाऊल पुढे. आधी आत गेलेली ३ बदके आतून आवाज देत. बदक हा कळपाचा प्राणी आहे. माणसाच्या शंभर हाकांपेक्षा त्याला आपल्या जातभाईची एक हाक पुरते. सतराव्या दिवशी ते फळीच्या मध्यावर थांबले, मान वाकडी करून आत पाहिले, आणि आत गेले. आम्ही टाळीही वाजविली नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती आम्हांस सर्वांत अधिक बोचली. जी ३ बदके पहिल्यापासून वर जात होती, तीही आता निराळी चढू लागली. पूर्वी ती पंख फडफडवीत, पोट घाशीत, घसरत जात. आता ती एकामागून एक शांतपणे चालत गेली. म्हणजे जुनी फळी त्यांनाही अवघडच होती. ती कशीबशी वर पोहोचत होती म्हणून आम्ही फळी निर्दोष धरली होती. जे निभावून नेतात त्यांच्या निभावण्याने वाटेचा दोष झाकला जातो, आणि जे अडतात त्यांच्यावर दोष येतो. वास्तविक अडणाऱ्याने सर्वांच्या वतीने खरे सांगितलेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मदत तीन प्रकारांनी होऊ शकते. पहिला प्रकार उचलून नेण्याचा. दुसरा प्रकार स्वतःहून शिकण्यासाठी सोडून देण्याचा. यालाही पुष्कळ लोक मदतच म्हणतात. तिसरा प्रकार वाट नीट करून, ती चढण्यास लागणारा वेळ देण्याचा. पहिल्यात मदत करणाऱ्याचे बळ दिसते, दुसऱ्यात त्याचे तत्त्व दिसते, तिसऱ्यात त्याचे काहीच दिसत नाही. फळी बसली की ती कोणी बसविली हे बदकाला ठाऊक नसते. आम्हांस वाटते की तिसरा प्रकार दुर्मीळ असण्याचे एक कारण हेच असावे.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की वाट सोपी करीत गेल्याने जीव दुबळा होतो. कष्टावाचून सामर्थ्य येत नाही. हे खरे आहे, पण येथे लागू नाही. फळी कोणाला वर नेत नाही. चढावे लागते ते बदकालाच. उचलून नेल्याने त्याचे कष्ट नाहीसे होतात. वाट नीट केल्याने त्याच्या कष्टांना फळ येते. आणि निसरड्या फळीवर पंधरा वेळा घसरून बदक जे शिकते ते चढणे नव्हे, ते घाबरणे होय. मुलाला गणित येत नाही म्हणून त्याच्या वहीत उत्तर लिहून देणे एक, त्याला छडी मारून कोपऱ्यात बसविणे दुसरे, आणि जी पायरी त्याच्याकडून सुटली आहे ती शोधून तिथून पुन्हा आरंभ करणे तिसरे. तिसऱ्या रीतीत गणित मुलालाच करावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. संकट दारात उभे असताना फळी रुंद करीत बसावे काय? मुळीच नाही. वादळी पावसाच्या रात्री, किंवा कोल्हा कुंपणापाशी असताना, बदकाला उचलावेच. पंख मिटवून, पोटाखाली हात देऊन, अंगाशी धरून उचलावे, कारण पायांना वा मानेला धरून उचलल्यास त्याला इजा होते. जखमी वा पंगू बदकाला जन्मभर उचलावे लागले तरी त्यात कमीपणा नाही. आमची चूक उचलण्यात नव्हती. उचलणे हाच उपाय मानून दुसऱ्या दिवशी फळीकडे न पाहण्यात होती. उचलणे हे त्या रात्रीचे कर्तव्य आहे. फळी पाहणे हे दुसऱ्या सकाळचे. पहिले करून जो दुसरे विसरतो तो रोज उपकार करीत राहतो आणि गरज मात्र कायम ठेवतो. आणि दोन्ही सोडून जो स्वस्थ बसतो, त्याच्या परसात पिसे सापडतात. ते तपकिरी बदक आमच्या तत्त्वाने गेले, हे आम्ही स्वतःपासून लपवू इच्छीत नाही.

आणखी एक विचार. शिबीकडे कपोत आपण होऊन आला. ससाही आपण होऊन आला. शरणागताचे रक्षण हा श्रेष्ठ धर्म होय. परंतु बदक आमच्याकडे शरण आलेले नव्हते. आम्ही त्याला अंड्यांच्या इच्छेने आणले, उंच घरही आम्हीच बांधले, आणि बदकाचा स्वभाव पाहू जाता त्याला उंच घराची हौसही नव्हती. ते पाण्यावर वा पाण्याकाठी जमिनीवर निजणारे पाखरू. मग आम्ही फळी नीट केली तो उपकार कसला? ते ऋण होते, आणि उशिरा फेडले. आपल्या देशाच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर विधेयक मांडले, आणि पुढे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी शक्य ते सर्व वाजवी उपाय करणे हे त्याचे कर्तव्य होय, असे त्यात म्हटले आहे. कर्तव्य म्हटले आहे, दया म्हटलेले नाही. ज्याने दार उंच केले, त्याच्यावर वाट देण्याची जबाबदारी आपोआप येते.

बदकाची गोष्ट माणसांना लावताना संकोच वाटतो. पण ती लावल्यावाचून राहवत नाही. आमच्या मातोश्रींचे गुडघे उतारवयात गेले. सभागृहाच्या ११ पायऱ्या त्यांना चढवेनात. आम्ही दोघे भाऊ त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेत असू, आणि पाहणारे आमची मातृभक्ती वाखाणीत. काही दिवसांनी मातोश्री म्हणाल्या, "आज जाऊ द्या, माझे मन नाही." पुढे त्यांना मन कधीच झाले नाही. त्यांचा भक्तिभाव आटला असे आम्ही समजलो. चारचौघांत सामानासारखे उचलले जाणे त्यांना सोसवत नव्हते, हे आम्हांस त्या हयात असताना कळले नाही. बदकाने ते आम्हांस फार उशिरा सांगितले. एका बाजूस कठडा आणि दुसऱ्या बाजूस सौम्य उतार असता, तर त्या आपल्या पायांनी, हळूहळू, कदाचित अर्ध्या तासाने, पण आपल्या पायांनी आल्या असत्या. आज सार्वजनिक इमारतींसाठी चाकांच्या खुर्चीच्या उताराचे प्रमाण ठरलेले आहे: १ फूट उंचीला निदान १२ फूट लांबी. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाही २०१६ साली झाला. माप ठाऊक आहे, कायदा आहे; उरते ते एवढेच की पायरीपाशी थांबलेल्या माणसाकडे पाहून, हा येत नाही की याला येता येत नाही, हा प्रश्न आपण विचारावा.

तसेच घरात नव्याने आलेल्या सुनेचे, परगावाहून आलेल्या आणि इथली बोली न कळणाऱ्या कुटुंबाचे, वर्गात मागे बसणाऱ्या मुलाचे. आपले घर, आपली रीत, आपली बोली ही आपणांस सपाट जमीन वाटते, कारण आपण तिच्यावर वाढलो. दुसऱ्याच्या पायाला ती फळी असते. तो घसरला तर त्याला उचलून आत ठेवणे सोपे, त्याला नावे ठेवणे त्याहून सोपे. फळीवर रिपा ठोकण्यास मात्र गुडघे टेकून बसावे लागते आणि दुसऱ्याच्या पावलाकडे पाहावे लागते.

पांढरे बदक अजून आहे. संध्याकाळी आम्ही पाटाशी उभे राहून एकदा हाक देतो. ४ बदके रांगेने येतात आणि फळी चढून जातात. ते नेहमी शेवटी असते आणि मध्यावर क्षणभर थांबते. आम्ही घाई करीत नाही. ते आत गेले की नात दाराला कडी घालते. परवा तिने आपण होऊन फळीवरून हात फिरविला आणि म्हणाली, "आजोबा, एक रीप सैल झाली आहे." आम्ही हातोडी आणावयास घरात गेलो.